‘कंदिसा’ भरून मिळणार नाही

पुण्यात लक्ष्मी रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात आमचं कॅसेटचं दुकान होतं. आमचं म्हणजे काकांचं, मी तिथे नोकर. १९९१ साली बारावीनंतर शिक्षण थांबलं तेव्हा लागलो आणि २०११ साली दुकानाला कायमचं कुलूप लागेपर्यंत राहिलो. पाटीवर ‘कॅसेट-विक्री’ लिहिलेलं होतं, पण दुकानाचं भाडं आणि माझा पगार सुटायचा तो ‘भरून देण्या’तून. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन यायचं. दुकानातल्या कॅसेटींवरून ती गाणी आम्ही कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. साठ मिनिटांच्या कॅसेटला तीस-तीस मिनिटांच्या दोन बाजू. बेरीज अशी बसवायची की बाजू संपताना गाणं मध्येच तुटता कामा नये आणि शेवटी पाच मिनिटांची कोरी फीतही उरता कामा नये. हे काम मला आवडायचं आणि जमायचं. कोणाला लग्नाच्या वाढदिवसासाठी हवी, कोणाला गणपतीच्या मांडवासाठी, कोणाला मुंबईच्या रात्रीच्या गाडीत ऐकायला. हे बेकायदेशीर आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आजूबाजूला सगळेच करत होते, आणि तेव्हा तेवढं कारण पुरायचं.

इंग्रजी कॅसेटींचा दुकानात एकच उभा कप्पा होता. काकांना त्यात रस नव्हता. ‘तो कप्पा तू बघ’ म्हणाले आणि तो माझा झाला. मी मराठी माध्यमातला. नावं वाचता यायची, उच्चार माहीत नसायचे. इंजिनिअरिंगची मुलं यायची, हवी ती कॅसेट बोटानं दाखवायची, आणि मी नाव चुकवलं तरी हसायची नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्यातल्या एकानं एक कॅसेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, ‘दादा, ही लावा. दुकानात कोणी नसताना लावा.’ ती आयर्न मेडनची ‘पॉवरस्लेव्ह’ होती, १९८४ सालची.

त्या दुपारी पाऊस कोसळत होता, बोळात चिटपाखरू नव्हतं. मी कॅसेट लावली. पहिल्यांदा कानाला लागला तो आवाजाचा दणका. दुसऱ्यांदा ऐकताना त्याच्या खालून जाणारी एक चाल ऐकू आली. स्टीव्ह हॅरिस हा बेस गिटार वाजवणारा त्या बँडचा कर्ताधर्ता. पूर्व लंडनमध्ये १९७५ साली नाताळच्या दिवशी त्यानं हा बँड उभा केला. तो पिक न वापरता बोटांनी वाजवतो, आणि त्याच्या जाड तारांमधून चौखूर सुटलेल्या घोड्याची लय निघते : एक ठोका लांब, दोन आखूड. ती एकदा कानात बसली की तोंडावर ओरडणारी दोन गिटारं मागे सरतात आणि पाय आपोआप खालची लय धरतात. मला इंग्रजी शब्द कळत नव्हते, पण ही लय पहिल्याच दिवशी कळली.

त्या कॅसेटवरचं शेवटचं गाणं तेरा मिनिटांहून मोठं आहे. भरून देण्याच्या धंद्यात असं गाणं म्हणजे अडचण. जवळजवळ अर्धी बाजू ते एकटंच खातं, म्हणून यादीत कोणी ते लिहीत नसे. मी मात्र तेच पुन्हा पुन्हा ऐकायचो. कव्हरच्या घडीत बारीक अक्षरांत शब्द छापलेले होते. दुकान बंद झाल्यावर शब्दकोश घेऊन बसायचो. एक खलाशी विनाकारण एका पक्ष्याला मारतो आणि त्याची शिक्षा सगळ्या जहाजाला भोगावी लागते, अशी ती गोष्ट. मुळात ही कोलरिजची कविता आहे, १७९८ साली छापलेली, हे मला एका प्राध्यापक गिऱ्हाइकाकडून कळलं. आठवड्याभरानं त्यांनी तिची झेरॉक्स आणून दिली आणि पैसे घेतले नाहीत. माझं इंग्रजी जे काही सुधारलं ते अशा कव्हरांवर सुधारलं. कॉलेजात मिळालं नाही ते मला एका बँडनं दिलं, असं मी आजही मानतो. मागे इतकी वर्षं जी निष्ठा धरली तिच्या मुळाशी ही कृतज्ञता आहे.

दोन वर्षं बरी गेली. मग १९९३ साली ब्रूस डिकिन्सन बँड सोडून गेला. तो आयर्न मेडनचा गायक, उंच पट्टीत तासन्‌तास टिकणारा आवाज. त्याच्या जागी ब्लेझ बेली आला. १९९५ साली ‘द एक्स फॅक्टर’ निघाली. कॅसेट दुकानात पोचण्याआधीच मी ओळखीच्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं, नावं लिहून घेतली होती. ती आली, घेऊन गेली, आणि दोन-तीन दिवसांत परतायला लागली.

‘पहिल्यासारखं राहिलं नाही, दादा.’

हे वाक्य मी पुढे पंधरा वर्षं त्या काउंटरवर ऐकलं. बँडबद्दल, सिनेसंगीताबद्दल, नाटकातल्या पदांबद्दल. पण त्या आठवड्यात ते मला लागलं. बेलीचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, जड आहे. डिकिन्सनसाठी बांधलेली जुनी गाणी त्याला पेलत नाहीत, हे खरं. पण ही गाणी त्याच्यासाठी बांधलेली होती. पहिलंच गाणं, ‘साइन ऑफ द क्रॉस’, अकरा मिनिटांचं. मठातल्या साधूंनी समूहानं मंत्र म्हणावा तशी त्याची सुरुवात. मग बेस एकटा हळू चालत येतो, आणि किती तरी वेळानं गाणं उभं राहतं. दोन दिवसांत ते कळणं शक्य नव्हतं. मला स्वतःला तीन आठवडे लागले.

उघडलेली कॅसेट परत घ्यायची नाही असा दुकानाचा नियम होता. पण ही नेहमीची गिऱ्हाइकं होती, म्हणून काकांनी चार कॅसेट परत घेतल्या. शिफारस माझी होती, म्हणून त्या चारांचे पैसे माझ्या पगारातून वळते केले. तेव्हा इंग्रजी कॅसेट हिंदीच्या दुप्पट-तिप्पट महाग असायची. चार कॅसेट म्हणजे माझ्या पगाराचा मोठा लचका होता. मला राग आला, पण काकांचं गणित चुकीचं नव्हतं. त्या चार कॅसेट मी घरी नेल्या.

बाबांनी त्या पाहिल्या. एकाच कॅसेटच्या चार प्रती कशाला, असं विचारलं. मी झालेलं सांगितलं.

बाबा भीमसेन जोशींचे होते. आमच्याकडे असंच म्हणतात, अमुक माणूस अमक्या गवयाचा. खडकीच्या कारखान्यातून पाळी संपवून डिसेंबरच्या थंडीत ते थेट सवाई गंधर्व महोत्सवाला जायचे. तेव्हा मैफली रात्रभर चालत. शाल, थर्मासमध्ये चहा, आणि बैठकीवर आपली ठरलेली जागा. माझ्या लहानपणी डिसेंबरचे ते तीन दिवस घरात बाबा दिसायचेच नाहीत. माझं संगीत त्यांना अजिबात आवडत नव्हतं आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. पण त्या चार कॅसेट हातात घेऊन ते म्हणाले, ‘गवयाचा आवाज लागला नाही म्हणून मी कधी उठून आलेलो नाही. लागत नसताना तो काय करतो, तेही ऐकायचं असतं.’ आणि कॅसेट परत माझ्या हातात दिल्या. वादाच्या सुरात नाही, आपल्या अनुभवातली एक गोष्ट सांगावी तशी सांगितली. चाहता असणं म्हणजे काय हे मला एवढ्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही.

पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणं बंद झालं. बाबांचं सवाईतलं रात्रभर जागणं संपलं. त्याच सुमारास मुंबईत धोबीतलावचं रंगभवनही गप्प झालं. दर वर्षी तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचा, १९८६ पासून. मी सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसनं जायचो आणि पहाटे मिळेल त्या गाडीनं परत यायचो. रंगभवनाला लागून कॉलेज आणि आसपास इस्पितळं, त्यामुळे तो शांतता क्षेत्राचा भाग ठरला. इस्पितळात पडलेल्या माणसाची बाजू बरोबरच होती, यात मला शंका नाही. तरी त्या वर्षी घरात आम्ही दोघंही जरा गप्प असायचो. एकाच नियमानं बाप-लेकांची दोन वेगवेगळी दैवतं लवकर झोपवली होती.

आता दुसऱ्या बँडकडे येतो, कारण माझी खरी परीक्षा तिथे झाली.

इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड. १९९० साली सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी सुरू केला. पुढच्या वर्षी राहुल राम आला, १९९४ साली अमित किलम. पहिली कॅसेट एचएमव्हीनं १९९३ साली काढली, तिची आमच्या दुकानात एकच प्रत आली होती आणि वर्षभर हलली नव्हती. ती मीच घेतली. ‘डेझर्ट रेन’ १९९७ ची, थेट कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेली. असीमदा तबला वाजवता वाजवता गायचा. हे लिहायला सोपं आहे. पण हात एका लयीत आणि गळा दुसऱ्याच वळणावर, हे तासभर करणं काय असतं ते तबल्याच्या मास्तरांना विचारा. अमित ड्रम सोडून मध्येच गबगुबी हातात घ्यायचा, बाउलांचं ते एका तारेचं वाद्य. या बँडची गाणी मला शब्दकोशाशिवाय कळत होती, आणि तरी ती कुठल्याही सिनेमातल्यासारखी नव्हती.

‘कंदिसा’ २००० साली आली. टाइम्स म्युझिकनं काढली. शीर्षकगीत म्हणजे सिरियन ख्रिस्ती लोकांची प्राचीन अरमाइक भाषेतली प्रार्थना, केरळातल्या चर्चमध्ये आजही म्हटली जाणारी. पंधरा दिवसांत काउंटरवर याद्या यायला लागल्या : ‘कंदिसा’, ‘मा रेवा’, ‘हिल्ले ले’, भरून द्या.

पहिल्या दोन मी भरून दिल्या. तिसरी भरायला घेतली आणि हात थांबला. आयर्न मेडनची कॅसेट भरताना मी मनाची समजूत घालायचो की हे पैसे लंडनला पोचले काय, न पोचले काय, त्यांना काय फरक पडतो. हे चौघं मात्र दहा वर्षं वाजवत होते आणि या दहा वर्षांत त्यांच्या जेमतेम दोन कॅसेट निघालेल्या होत्या. त्यातली पहिली आमच्याच कप्प्यात वर्षभर धूळ खात पडलेली मी पाहिली होती. मला यांची चौथी, पाचवी, सहावी कॅसेट हवी होती. ती निघणार की नाही, हे माझ्यासारख्या काउंटरवरच्या माणसांच्या हातात थोडं तरी होतं. मी एका पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलं, ‘कंदिसा भरून मिळणार नाही. विकत मिळेल.’ आणि काचेला आतून चिकटवला.

काकांनी संध्याकाळी तो वाचला. ‘अरे, समोरचा भरून देईल. गिऱ्हाईक जाईल ते कायमचं जाईल.’

‘काका, चार गेले तरी एक विकत घेईल.’

‘आणि पगार कोण देईल तुझा?’

मी म्हटलं, एक महिना बघू. काकांनी पुठ्ठा काढला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. गिऱ्हाइकं गेलीसुद्धा, समोरच्याकडे गेली. पण बरीच थांबली, विचारायला लागली की एवढं काय आहे त्यात. मग मी कॅसेट लावायचो. विकलेल्या प्रतींची नोंद मी एका वहीत ठेवायचो. वर्षअखेरीला त्या वहीची अडीच पानं भरली होती. मग आयर्न मेडन भरून देणंही मी बंद केलं. लंडनवाल्यांना एक न्याय आणि दिल्लीवाल्यांना दुसरा, हे टिकणारं नव्हतं.

त्या काळातला एक मुलगा मला विसरता येत नाही. धडगावकडचा, नंदुरबार जिल्ह्यातला, पुण्यात वसतिगृहात राहून शिकणारा. तो आला होता हेडफोनची पिन बदलायला. दुकानात ‘मा रेवा’ चालू होतं. तो उभाच राहिला. गाणं संपलं तसं म्हणाला, ‘हे आमच्याकडे म्हणतात. मोर्चाला.’ हे नर्मदाखोऱ्यातलं लोकगीत आहे. राहुल राम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता, तिथून ते बँडमध्ये आलं. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या राज्यातली पहिली गेलेली गावं म्हणजे मणिबेली आणि तिच्या आसपासची, याच मुलाच्या मुलखातली. ज्या गाण्यावर मी बोटं वाजवत होतो, ते त्याच्या घरच्या अंगणातून उचललेलं होतं. त्यानं कॅसेट विकत घेतली नाही, त्याच्याकडे तेवढे पैसे नव्हते. पुढचे दोन महिने तो दर शनिवारी यायचा आणि मी त्याच्यासाठी ते गाणं लावायचो. भरून हवी का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. काचेवरचा पुठ्ठा त्यानं वाचला होता. शेवटी मीच माझ्याकडची एक प्रत त्याच्या हातात ठेवली.

आयर्न मेडनमध्ये तोवर डिकिन्सन परत आला होता, १९९९ साली. सोबत गिटारवादक एड्रियन स्मिथही आला, आणि बँडमध्ये तीन गिटारं झाली. गेलेली गिऱ्हाइकं परत आली. २००२ साली ‘रॉक इन रिओ’ निघाली, ब्राझीलमधल्या आदल्या वर्षीच्या प्रचंड कार्यक्रमाची. त्यात डिकिन्सननं ‘साइन ऑफ द क्रॉस’ गायलं. बेलीच्या दिवसांतलं, लोकांनी दोन दिवसांत परत केलेलं गाणं, आणि लाखो माणसं त्यावर नाचत होती. १९९५ साली कॅसेट परत करणाऱ्या चौघांपैकी एक जण दुकानात आला. ‘दादा, ते मूळ गाणं कुठल्या कॅसेटवर आहे?’ मी सांगितलं. त्यालाही आठवलं. तो काही बोलला नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी घरून चारांतली एक आणली आणि त्याला दिली. पैसे घ्यावेसे वाटले नाहीत. मी जिंकलो असंही मला वाटलं नाही, कारण ते गाणं आता त्याला आवडत होतं, आणि सात वर्षं मला हवं होतं ते एवढंच.

तोच मनुष्य १ फेब्रुवारी २००८ ला माझ्याबरोबर मुंबईत होता. आयर्न मेडनचा जगभरचा दौरा त्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू झाला. जगात पहिला प्रयोग आपल्याकडे, याचं मला आजही नवल वाटतं. बँड, माणसं आणि बारा टन सामान एकाच बोइंग ७५७ मधून आलं होतं, आणि ते विमान डिकिन्सन स्वतः चालवत होता, कारण तो परवानाधारक वैमानिक आहे. दिवाळीचा बोनस मी तिकिटासाठी जपून ठेवला होता. शिवनेरीनं दादर, तिथून पुढे लोकल आणि रिक्षा. मैदानात धूळ इतकी की रुमाल तोंडाला बांधला.

रंगमंचावर ‘पॉवरस्लेव्ह’च्या कव्हरवरचं मिसर उभं केलेलं होतं. मी जे कव्हर सतरा वर्षं हातात उलटसुलट केलं, ते तीन मजली होऊन समोर. आणि मग त्यांनी ते तेरा मिनिटांचं गाणं घेतलं. वीसेक वर्षांनी ते गाणं परत मंचावर येत होतं. मधल्या भागात सगळं थांबतं. गिटारं गप्प, बेस अगदी हळू, आणि निवांत समुद्रावर अडकलेल्या जहाजाची लाकडं करकरावीत तसे आवाज. त्या जागेवर हजारो माणसं गप्प उभी होती. मला लक्ष्मी रस्त्याजवळचा तो बोळ आठवला, पाऊस आठवला, ‘कोणी नसताना लावा’ आठवलं. मी रडलो. शेजारच्या माणसानं खांद्यावर हात ठेवला, तोही रडत होता. त्या रात्री आम्ही दादरला पुलाखाली चहा पीत पहाटेच्या बसची वाट पाहत बसलो आणि फारसं बोललो नाही.

पुढच्या वर्षी, २५ डिसेंबर २००९ ला, असीमदा गेला. हृदयविकारानं. दुकानात पोचलो तेव्हा एका गिऱ्हाइकानं फोन करून सांगितलं. नाताळ होता, आयर्न मेडनचा वाढदिवस, आणि त्या तारखेला माझ्या वहीत दर वर्षी एक खूण असायची. आता तिथे दोन खुणा आहेत.

यानंतर मी जे केलं ते सांगणं भाग आहे. बँड थांबला नाही. तबल्याला तुहीन चक्रवर्ती आला, गायला हिमांशू जोशी आला. असीमदा एकटा करायचा ते करायला दोघं लागले, यावरूनच त्याचं काम समजावं. असीमदासह आधी ध्वनिमुद्रित केलेली गाणी २०१० साली ‘१६/३३० खजूर रोड’ या नावानं आली. त्यांच्या करोल बागेतल्या तालमीच्या घराचा तो पत्ता. बँडनं ती गाणी दर महिन्याला एक अशी लोकांना फुकट दिली. ज्यांच्यासाठी मी दहा वर्षं पुठ्ठा लावून बसलो होतो त्यांनीच असं केलं म्हटल्यावर मला आधी चरका बसला. नंतर पटलं. आपलं काम वाटून टाकायचा हक्क त्यांचा होता. तो माझा किंवा समोरच्या दुकानदाराचा कधीच नव्हता. सायबर कॅफेत जाऊन मी एकेक गाणं उतरवून घेतलं.

पण नव्या माणसांसह वाजणारा बँड ऐकायला मी गेलो नाही. पुण्यात कार्यक्रम झाले, मी कारणं काढली. एकदा कोणीतरी विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘पहिल्यासारखं राहिलं नाही.’ बोललो आणि माझे शब्द मलाच ऐकू आले. मी एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. १९९५ साली ज्यांच्यावर मनातून रागावलो होतो, त्यांनी निदान दोन दिवस तरी कॅसेट ऐकली होती.

पुढच्या कार्यक्रमाला मी गेलो. मागे, कुंपणापाशी उभा राहिलो. पहिला अर्धा तास मी रिकामी जागाच ऐकत होतो, म्हणजे असीमदा इथे कसा वळला असता, तेच. मग ‘कंदिसा’ आलं आणि हिमांशूनं ते स्वतःच्या गळ्यानं घेतलं, नक्कल न करता. ते वेगळं होतं. चांगलं होतं की नाही हे त्या रात्री ठरवायचं नाही, असं मी ठरवलं. बाबांचं वाक्य कानात होतं. चार वर्षांनी ‘तंदानू’ आली, तोवर सुश्मित सेनही बँड सोडून गेला होता आणि निखिल राव गिटारवर होता. त्यात शुभा मुद्गल आहेत, शंकर महादेवन आहेत, विश्वमोहन भट्ट आहेत. ती मी तीनदा ऐकली, मगच मत बनवलं. माझं मत असं की ‘कंदिसा’ची बरोबरी ती करत नाही, आणि तरी ती ऐकल्याशिवाय या बँडची गोष्ट पुरी होत नाही.

दुकान त्याआधीच बंद झालं होतं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत कॅसेट कोणी घेत नव्हतं, सीडीही नाही. लोक मोबाइलचं मेमरी कार्ड काढून काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, ‘कार्ड भरून द्या.’ शब्द तोच राहिला होता. काकांनी नाही म्हटलं. वय झालं होतं आणि शिकायची इच्छा नव्हती. उरलेला माल वजनावर गेला. इंग्रजीचा कप्पा त्यांनी मला दिला, लाकडी कप्प्यासकट. आता मी एका छापखान्याच्या गोदामात हिशेब लिहितो.

बाबा आता नाहीत. आयर्न मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेनला जानेवारी २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी तो काही महिन्यांत पुन्हा वाजवायला उभा राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये साओ पाउलोला त्यानं शेवटचा कार्यक्रम केला. त्याच्या जागी सायमन डॉसन आला आहे. परवा कोणीतरी मला तेच जुनं वाक्य ऐकवलं. मी त्याला म्हटलं, आधी ऐक. तुमच्याही आवडत्या बँडमध्ये कोणी नवं आलं असेल, तर तिकीट काढा, जा, शेवटच्या गाण्यापर्यंत थांबा. मत घरी येऊन बनवा.

‘द एक्स फॅक्टर’च्या चारांतल्या तीन कॅसेट कप्प्यात आहेत. दर वर्षी पावसाळा सरला की मी त्या दोन्ही बाजूंनी एकदा पूर्ण फिरवतो, म्हणजे फितीला बुरशी धरत नाही. एकीचा आतला नमद्याचा तुकडा गळून पडला होता, तो पाच स्क्रू काढून दुसऱ्या कॅसेटमधला बसवला. तिन्ही चांगल्या वाजतात.